सलिमा ते औसा, जालन्यावरून

सलिमा हा आफ्रिकेतल्या मलावी देशातला एक जिल्हा. राजधानी लिलाँग्वेपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटर, आणि पुढे लगेच मलावी सरोवराचं अफाट पाणी. लातूर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालो आणि एका परदेशी स्वयंसेवी संस्थेमार्फत इथे येऊन पडलो. काम ओळखीचंच, हातपंपाचं. पंचक्रोशीतले पंप दुरुस्त करणाऱ्या स्थानिक मिस्त्रींना, त्यांना इथे 'एरिया मेकॅनिक' म्हणतात, शिकवायचं; सुटे भाग बाजारच्या गावी मिळतील असं बघायचं; आणि गावच्या पाणी समितीतल्या बायकांना वर्गणीची वही लिहायला मदत करायची. पगार नाही. राहायला खोल्या, पोटापुरता भत्ता आणि घरी जाऊन यायचं तिकीट.

डिसेंबरात इकडे पाऊस लागलेला असतो. कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो, लोक मक्याच्या पेरणीत, बैठकीला कुणी फिरकत नाही. सुट्टी काढायची तर हीच वेळ. शिवाय मार्गशीर्षातली अमावस्या चुकवायची नव्हती. लातूरच्या माणसाला ती कोणती हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी पुढे येईलच.

मंगळवार, २४ डिसेंबर : मुंबई

लिलाँग्वे, अदिस अबाबा, मुंबई. विमानप्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि विमानप्रवासात तेच बरं. अदिसच्या विमानतळावर एका कोपऱ्यात हिरवं गवत अंथरून एक बाई काळ्या मातीच्या सुरईतून कॉफी ओतत होती. बिनकानाचा इवलासा कप, सोबत मक्याच्या लाह्या. दोन घोटांत झोप उडाली ती मुंबईपर्यंत आली नाही.

मुंबईत उतरल्यावर कळलं की माझा जुना मोबाइल नंबर बंद पडलाय. रिचार्जची मुदत उलटून गेली होती, कंपनीने नंबर काढून घेतला. नंबर नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे बँक नाही, आणि चहावालासुद्धा सुट्टे नाहीत म्हणून स्कॅनर पुढे करतो. बाहेर राहणाऱ्यांनी एवढं करावं: इथला नंबर सगळ्यात स्वस्त रिचार्जवर जिवंत ठेवावा, तो घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये घालून ठेवावा, आणि खिशात थोड्या नोटा असू द्याव्यात. अदिसमार्गे येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवावं, मुंबईत मागतात. ही लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

रात्री देवगिरी एक्सप्रेस. डब्यात परभणीचं एक वऱ्हाड होतं. त्यांच्या दशम्या आणि तिळाची चटणी आपसूक माझ्यापर्यंत आली, नको म्हणायची सवड मिळाली नाही.

बुधवार : संभाजीनगर, खुलताबाद

मुलगा वाळूजला नोकरीला आहे. आमच्या मंडळी त्याच्याकडे येऊन थांबल्या होत्या. पहाटे स्टेशनवर थंडी चांगलीच होती. मलावीच्या दमट उकाड्यातून आलेला मी कुडकुडत होतो आणि ही म्हणे, "आफ्रिकेत राहून आलाव, तरी थंडी वाजती?" सलिमात डिसेंबरात घाम पुसायला टॉवेल पुरत नाही, हे मी फोनवर कितीदा सांगितलं होतं.

नाष्टा झाल्यावर मुलगा म्हणाला, कुठं जायचं? मी म्हटलं, पाणचक्की आणि मलिक अंबर. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. "सुट्टीत पण पाणीच बघायचंय का?" शेवटी घृष्णेश्वराचं दर्शन त्यात बसवलं आणि तह झाला.

या शहरात मी नोकरीच्या काळात बैठकांना खूपदा आलो, पण ते पाणी नीट बघितलं नव्हतं. मलिक अंबर मूळचा इथिओपियातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनमध्ये पोहोचला आणि निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. आणि त्या कोरड्या गावाला त्याने पाणी दिलं ते नहर-ए-अंबरीतून. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं जमिनीतलं पाणी भुयारातून गोळा करायचं, निव्वळ उताराने गावात आणायचं, मातीच्या भाजलेल्या नळांतून फिरवायचं. नळात हवा कोंडू नये, दाब आवरता यावा म्हणून जागोजाग दगडी बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, उभे केले. पंप नाही, इंधन नाही. मी आयुष्यभर पाइप जोडले आहेत. असा उतार साधणं काय असतं ते मला माहीत आहे. दोरी आणि पाणसळीवर केलेलं हे काम बघताना मी बराच वेळ एका बंब्याभोवतीच फिरत राहिलो. त्याला आता वडाने विळखा घातलाय.

पाणचक्की ही त्यानंतरची, हर्सूलच्या बाजूने आणलेल्या दुसऱ्या नहरीवरची. उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतं आणि त्या जोरावर खालचं जातं फिरायचं; दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघायचं. मंडळींना पाणचक्की आवडली. जात्याचा पाळू बघून त्या म्हणाल्या, "हे आमच्या माहेरी असतं तर माझी आई आणखी दहा वर्षं जगली असती."

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. १६२६ मध्ये तो गेला. घुमट काळ्या दगडाचा, देखणा, आणि भोवती माणूस नाही. सगळी गर्दी औरंगजेबाच्या कबरीकडे आणि भद्रा मारुतीकडे. ज्या विमानतळावर मी काल कॉफी प्यायलो त्या देशाचा पोरगा इथे येऊन गावाला पाणी पाजतो, आणि मी इथून उठून तिकडे पंप दुरुस्त करायला जातो. मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला वजिरी मिळाली, तुम्हाला भत्ता." ते खरंच होतं.

जाणाऱ्यांसाठी: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. नाताळच्या आठवड्यात वेरूळला शाळांच्या सहली एवढ्या येतात की कैलासाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. घृष्णेश्वर आणि खुलताबाद सकाळी लवकर उरकावं, पाणचक्की दुपारी. दौलताबादच्या घाटातली कमान अरुंद आहे, मोठी गाडी असेल तर तिथे खोळंबा धरूनच निघावं.

गुरुवार : जालना

हा दिवस मी माझ्यासाठी राखून ठेवला होता. मंडळी सोबत आल्या, पण आधीच सांगून ठेवलं की दुपारनंतर त्या नात्यातल्या एका घरी जाऊन बसतील.

गावोगाव दिसणारा आपला हातपंप, इंडिया मार्क टू, याचं मूळ जालन्यात आहे, हे मला नोकरीत वीस-बावीस वर्षं झाल्यावर कळलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी दुष्काळात काळ्या पाषाणात बोअर पाडायला सुरुवात झाली. बोअर पडले, पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. अख्खं गाव त्यावर तुटून पडल्यावर ते टिकणार कसे? महिन्या-दोन महिन्यांत दांडी तुटायची, खिळी झिजायची. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या विहीर-बोअर प्रकल्पावरच्या माणसांनी बीड बाजूला ठेवून पोलादाचा पंप केला, दांडी एकाच आसावर फिरणारी. तो जालना पंप. त्यात सोलापूरकडच्या कारागिरांनी सुधारणा केल्या, तो सोलापूर पंप. आणि त्याच धाग्यावरून १९७०च्या दशकात सरकार आणि युनिसेफने मिळून इंडिया मार्क टू ठरवला, जो पुढे जगभर गेला.

म्हणजे परदेशातून आलेली माणसं आणि इथले फिटर-वेल्डर एका शेडमध्ये बसून जे खटपटत होते, ते मी मलावीत करतो. उलट्या बाजूने.

शोधायला गेलो तर हाती काय लागणार याची कल्पना होती. जालना आता लोखंडी सळ्यांचं आणि बियाण्यांचं गाव. 'जालना, सोने का पालना' असं जुने लोक म्हणतात. एमआयडीसीवरून गेलात तर पालना सोन्याचा नसून सळईचा वाटेल. जुन्या जालन्यात एका वर्कशॉपसमोर ऐंशीच्या घरातले एक चाचा खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी विचारलं, "चाचा, मिशनवाल्यांची बोअरची गाडी आठवते का?"

त्यांनी चष्मा काढला. "रिग? धूळ एवढी उडायची की आम्ही पोरं पांढरी होऊन घरी जायचो. अम्मी मारायची."

"आणि पंप?"

"पंप काय, बनवायचे, मोडायचे, परत बनवायचे. गोरा साहेब स्वतः दांडीला लटकायचा. तुटते का बघायला." मग त्यांनी नातवाला चहा सांगितला, आणि मला खोलात विचारलं, मलावीत वेल्डिंगला रॉड कुठला वापरता. तासभर बसलो. वीज नसेल तेव्हा काय करता, गॅस परवडतो का, पोरांना हात बसायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, सलिमात बरेच पंप अफ्रिदेव आहेत. त्यांचं सगळं काम एका पान्यात होतं.

हे वाचणाऱ्या एखाद्या मिस्त्रीसाठी थोडं सविस्तर. आपल्या मार्क टूचा वॉशर बदलायचा म्हटलं की लोखंडी पाइपांची सगळी लाइन वर काढावी लागते. त्याला तिवई लागते, क्लॅम्प लागतात, चार-पाच धडधाकट गडी आणि पथकाची गाडी लागते. गाडी तालुक्याहून येईपर्यंत गाव नाल्यावर. अफ्रिदेवची नळी प्लॅस्टिकची आणि रुंद. दट्ट्या तिच्या आतूनच वर ओढून घेता येतो. दोन बायका अर्ध्या तासात रबरी सील आणि दांडीची प्लॅस्टिक बुशं बदलतात. त्याच्या माथ्याची पहिली रचना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मलावीतच झाली, पुढे केनियात तो पूर्ण झाला. आपल्याकडे नंतर मार्क थ्री त्याच विचाराने आला, पण आमच्या विभागात तो फारसा रुळला नाही. पथकं होती, गाड्या होत्या, बदलायची गरज कुणाला वाटली नाही. माझं मत विचाराल तर दुरुस्ती ज्याच्या हातात, पंप त्याचा. बाकी उद्घाटनाची पाटी कुणाच्याही नावाची असो.

चाचांना पान्याची गोष्ट पटली नाही. "प्लॅस्टिक ते प्लॅस्टिक," म्हणाले.

संध्याकाळी मंडळींना आणायला गेलो तर तिथे पिशवीभर मोसंबी बांधून ठेवलेली. जालन्याची मोसंबी बाहेर मिळते ती वेगळी आणि घरच्या बागेतून उतरवलेली वेगळी.

शुक्रवार : अंबड, बीड, केज, लातूर

दिवसभर रस्ता. महामार्ग पूर्वीपेक्षा खूपच बरा झालाय. महिलांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे सगळ्यांनाच मोफत, त्यामुळे बसमध्ये आज्या-आजोबांची गर्दी आणि गप्पा मजबूत. मांजरसुंब्याला उतरून चहा घेतला.

केजच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, लाल कापडाचा तुकडा मागे लटकवलेला, वळणावर डुलत. एक ट्रॉली कलंडली होती, तिथे पाऊण तास गेला. बसमधली माणसं खाली उतरून ऊस खात उभी राहिली. कुणाचा होता, विचारू नका. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या खोपी, चुली, बैलं. निम्म्याहून अधिक बीड जिल्हा दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडतो की काय असं वाटतं.

लातूरला स्टेशनच्या रस्त्याने जाताना मला अजूनही ती गाडी आठवते. एप्रिल २०१६, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले जमले, हार घातले. मी तेव्हा टँकरच्या नोंदी ठेवत होतो. त्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, आणि धरणाच्या वरच्या-खालच्या अंगाला ऊस होताच. सलिमातल्या माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पाणी रेल्वेने आणलं, मग साखरही रेल्वेने आणता आली असती. मी आमच्या बाजूने बोलायला काही शोधलं, सापडलं नाही.

शनिवार, रविवार : घर

आमचं गाव औसा तालुक्यात. धाकटा भाऊ शेती बघतो, आई त्याच्याकडे. आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाळून कोळ झालास की रे. काय खातोस तिथं?"

मी शाकाहारी, त्यामुळे तिकडे काय खातो हा गावात सगळ्यांनाच पडलेला प्रश्न. सरोवराकाठी चांबो मासा आणि सुकवलेला बारीक उसिपा यावर लोक जगतात. मला न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट घोटलेला गोळा, आणि त्याबरोबर पालेभाजी. भोपळ्याच्या पानांची भाजी करतात, त्यात शेंगदाण्याचं कूट. आई एकदम म्हणाली, "मंग आपलंच की!" कूट घातलेल्या भाजीला ती परकं मानायला तयार नव्हती. मका मात्र तिला खटकला. बहात्तरच्या दुष्काळात ती सडकेच्या कामावर होती. तेव्हा अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, वाटपाला आली होती. "ती भाकर घशाखाली उतरत नव्हती. पर तीच खाऊन तुला वाढवलं." मी सात वर्षांचा होतो. मला सुकडी आठवते, मिलो आठवत नाही.

दिवसभर माणसं येत-जात होती. एक संवाद तर चार-पाच जणांशी तोच झाला.

"कवा आलाव, तात्या?"

"कालच."

"किती देतेत तिथं?"

"राहण्याखाण्यापुरतं."

"मंग गेलाव कशाला?"

याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. शेवटी मी म्हणायला लागलो की घरी बसून हिचं डोकं खाण्यापेक्षा बरं. ते मात्र लगेच पटायचं.

रविवारी शाळेजवळचा हातपंप बघून आलो. तो मीच बसवलेला, नोकरीच्या सुरुवातीला. झाकण उघडलं: साखळी चांगली, बेअरिंगला खुळखुळा नाही, नटबोल्ट घट्ट. दांडी मारत राहिलो, आत नुसता कोरडा खडखडाट. आजूबाजूच्या शेतांतून आठशे-आठशे फुटांचे बोअर गेलेत. हातपंपाची पोच फार तर दीडशे-पावणेदोनशे फूट. पंप ठणठणीत, पाणी खाली निघून गेलेलं. सलिमात पाणी अजून हातपंपाच्या टप्प्यात आहे. तिथल्या बैठकीत मी हल्ली या पंपाचा फोटो दाखवतो.

बाहेर राहणाऱ्या पेन्शनरांसाठी: हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. मी तिकडूनच मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढलं होतं. तरी बँकेतल्या साहेबांना मी समक्ष बघायला हवा होतो. सुट्टी कधी पडेल ते बघून आधीच बोलून ठेवा. आणि मलेरियाच्या देशातून आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी कुठून आलात ते सांगा, मग लक्षणं. आपल्याकडे ताप म्हटलं की पहिला डेंग्यू आठवतो.

सोमवार, ३० डिसेंबर : वेळ अमावस्या

येळवस. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागात हा दिवस म्हणजे गाव रिकामं, शेत भरलेलं. लातूर शहरात दुकानं बंद, रस्ते ओस. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. ज्यांना शेत नाही त्यांना बोलावणी असतात, आणि बोलावणं नसलं तरी कुठल्याही शेतात शिरलात तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पहाटे तीनपासून घरात चुली पेटलेल्या. भज्जी हा खरा मुख्य पदार्थ. तुरीचे कोवळे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, चुका, चाकवत, हिरवी चिंच, जे जे शेतात आणि बाजारात हिरवं असेल ते सगळं, आणि त्याला बेसनाची दाट लगदी. भावजय मोठ्या पातेल्यात लाकडी डावाने घोटत होती, दोन्ही हातांनी. आळीपाळीने दुसरी बाई. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची गुळातली खीर. आणि आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, वरून लसणाची फोडणी. आंबिलाचं बिंदगं भावाने डोक्यावर घेतलं, बायकांनी दुरड्या घेतल्या, आणि आम्ही वाटेला लागलो.

शेतात कडब्याची कोप उभी केलेली. आत पाच दगड, चुन्याने रंगवलेले, ते पाच पांडव. पूजा झाली की आंबील शिंपडत पिकातून फिरायचं, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत. अर्थ विचाराल तर आमच्यात दहा जण दहा अर्थ सांगतील. यंदा म्हणायला भावाने मला पुढे केलं. ज्वारी छातीपर्यंत आलेली, पोटऱ्यातून निसवत असलेली. हरभऱ्याला घाटे धरलेले. खाली बसलं की हरभऱ्याच्या आंबेचा वास हाताला लागतो.

मी आंबिलाचा तिसरा पेला घेतला तेव्हा आईला थोब्वाबद्दल सांगितलं. मलावीत मक्याचं पीठ शिजवून, त्यात मोड आलेल्या धान्याचं पीठ मिसळून आंबवतात. गोडसर, दाट, उन्हात चालून आल्यावर तेच देतात. आईने विचारलं, फोडणी? मी म्हटलं नाही. "मंग कसलं," म्हणाली. पण नंतर दुपारभर जो येईल त्याला ती सांगत होती की तिकडं पण आंबील असती, बिनफोडणीची.

माझ्या डोक्यात मात्र तिकडचा डिसेंबर होता. २०२४ च्या सुरुवातीला अल निन्योमुळे मलावीत मका करपला, मार्चमध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. पुढचं पीक मार्च-एप्रिलशिवाय हाती येत नाही. मी निघालो तेव्हा आमच्या समितीतल्या घरांमध्ये एक वेळचं जेवण सुरू झालं होतं. इथे पानात चौथ्यांदा भज्जी पडत होती आणि नको म्हटलं तर भावजय रुसत होती. जेवलो. न जेवून सलिमात एकाही ताटात काही पडणार नव्हतं.

संध्याकाळी पोरांनी हेंडगा, म्हणजे वाळल्या गवताची मशाल, पेटवून शेताभोवती पळवला. रात्री अंग ठेचून निघालेलं.

येळवसला यायचं असेल तर ओळख काढत बसू नका, सकाळी दहापर्यंत लातूर-औसा रस्त्यावर कुठेही गाडी थांबवा. दुपारनंतर आंबील संपते.

बुधवार, १ जानेवारी : किल्लारी

भावाच्या मोटारसायकलवर किल्लारीला गेलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ते सगळं अंगावर आलं. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. मी विभागात नवा होतो. पत्र्याच्या तात्पुरत्या वसाहतींना बोअर पाडून हातपंप बसवायच्या कामावर लागलो. दिवसाला एक पंप, कधी दोन. त्या महिन्यांबद्दल घरी मी कधी फार बोललो नाही, इथेही नको.

जुन्या गावठाणात आता बाभळी आणि दगडांचे ढीग. नवं किल्लारी रांगेत आखलेलं, रुंद रस्ते. एवढ्या वर्षांत लोकांनी त्या आखीव घरांचं आपल्याला हवं तसं करून घेतलंय: पुढे पत्र्याची पडवी, मागे गोठा, वर लाकडं. एका दारात म्हाताऱ्या काकू तूर निवडत होत्या. पाणी मागितलं, बसायला पोतं मिळालं. भावाने मी परदेशात काम करतो असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तवा आमच्याकडं बी आली हुती की परदेशाची. एक गोरी पोरगी आमच्या शेडात बसायची. तिला भाकर थापायला शिकवली."

"आली का तिला?"

"कुठं! पिठाचं मातेरं केलं. पर रोज यायची." काकूंनी सूप झटकलं. "तुला काय शिकवतेत तिथल्या बाया?"

न्सिमा घोटायला, मी म्हटलं. शेवटी हात भरून येतो आणि गुठळ्या राहतात. काकू एवढ्या हसल्या की आतून सून बाहेर आली.

परत

सामानात आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी, लातूरच्या बाजारातून घेतलेले नट खोलायचे दोन चांगले पाने, मंडळींनी दिलेलं मेतकूट. चटणी तेल न घालता न्यावी आणि दुकानाचं लेबल असलेल्या पाकिटात. लिलाँग्वेला पिशवी उघडायला लावतात, पण सुकं आणि बंद असेल तर कुरकुर करत नाहीत. पाने मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत अजिबात नको. लोणचं माझ्या अनुभवावरून नेऊच नये.

सलिमात पोहोचलो तेव्हा मका गुडघ्याएवढा झालेला, पाऊस समाधानकारक. पहिल्या बैठकीला चटणी नेली आणि न्सिमाबरोबर सगळ्यांना वाटली. समितीच्या खजिनदार बाईंनी दोनदा घेतली, तिखट जास्त आहे म्हणाल्या, आणि वही उघडून शेंगदाण्याचा भाव लिहिला. आता त्यांच्या डोक्यात आहे की मिरची कमी करून ही चटणी आठवडी बाजारात विकायची आणि पंपाच्या सुट्या भागांचा पैसा त्यातून काढायचा. लसूण इथे महाग पडतो, हिशोब बसत नाही, असं मी आकडे मांडून दाखवलं. बाई म्हणाल्या, लसूण आम्ही लावू. बियाण्याला वाफा कुठे करायचा यावर पुढच्या शुक्रवारी बैठक आहे.